दोन फ्रिज, एक ठराव

मंगळवारी सकाळी सचिवांच्या फ्रिजने एक मोठी उचकी दिली आणि तो गप्प झाला. सचिव समोरच उभे होते, हातात दुधाची पिशवी. त्यांनी आधी बटण बंद करून चालू केलं, मग प्लग काढून परत लावला, मग फ्रिजच्या पाठीत दोन थापा मारल्या. यातला तिसरा उपाय त्यांनी एकदा घशात घास अडकलेल्या मेहुण्यावरही केला होता आणि मेहुणा वाचला होता. फ्रिज काही वाचला नाही.

सचिव म्हणजे खरं तर माजी सचिव. इमारतीचं सचिवपद त्यांनी चौदा वर्षं सांभाळलं, पाणीपुरवठा खात्यातली हेडक्लार्कची खुर्ची त्याहून जास्त. दोन्हीकडून निवृत्त झाले तरी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना सचिवच म्हणे. त्यांच्या बायकोला सगळे मॅडम म्हणत. मॅडम औषधं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत होत्या. तीन वर्षांपूर्वी बढतीवर त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली, गाडीने सहा तास. महिन्यातून दोनदा त्या शनिवार-रविवार घरी येत. येताना एक पिशवी, जाताना तीच पिशवी. लेक नोकरीला लांब, तिचा फोन रविवारी. बाकीचे दिवस सचिव आणि तीन खोल्या.

अजून दोन महिन्यांनी मॅडम निवृत्त व्हायच्या होत्या. सचिवांनी कॅलेंडरात त्या तारखेभोवती गोल केला होता. पेन्सिलीने केला होता, कारण सरकारी कामात तारखा बदलतात हे त्यांना ठाऊक होतं. आणि झालंही तसंच. दहा दिवसांपूर्वी मॅडमचा फोन आला.

"मला तीन वर्षांची मुदतवाढ देतायत. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. काय करू?"

सचिवांना म्हणायचं होतं, नको, पुरे झालं, ये आता घरी. पण तिची नोकरी, तिचा पगार, तिचा मान, आपण मध्ये बोलणारे कोण, असं त्यांच्या मनात आलं आणि ते म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर."

मग मॅडम म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर फोन रोज होत होता. जेवलात का, जेवलीस का, गॅस आला का, सगळं होत होतं, पण त्या एका विषयावर दोघांनी मिठाची गुळणी धरली होती. सचिवांनी खोडरबर आणून कॅलेंडरावरचा गोल पुसायला घेतला. अर्धा पुसला आणि अर्धा तसाच ठेवला.

आता हे जोडपं मुळात असं नव्हतं. उलट, दोघांनी मिळून ठरवण्याच्या बाबतीत त्यांच्याइतकं शिस्तीचं घर त्या इमारतीत दुसरं नसेल. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सचिवांनी एक जाड पुठ्ठ्याची वही आणली. (ऑफिसातून नव्हे. स्वतःच्या पैशांनी. पावती वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेली आहे.) घरात काहीही मोठं घ्यायचं तर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सभा भरायची. एकाने सूचना मांडायची, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग ठराव लिहून दोघांनी सह्या करायच्या. ठराव क्रमांक एक: टेबलफॅन घ्यावा. सूचक ती, अनुमोदक हे. मंजूर. लोक या वहीला हसत, मॅडमची आई तर उघड हसे. पण त्या दोघांना सभेची गोडी होती. कधी कधी तर काही घ्यायचं नसतानाही सभा भरे, आणि 'विषय नसल्याने चहा घेऊन सभा संपली' अशी नोंद होई.

फ्रिज हा ठराव क्रमांक एकोणीस. त्यावर चार सभा झाल्या. मॅडमना मोठा हवा होता, सचिवांना आणखी सहा महिने थांबायचं होतं. तिसऱ्या सभेत भांडण झालं, सूचक उठून माहेरी गेल्या आणि सभा गणपूर्तीअभावी तहकूब करावी लागली. चौथ्या सभेत दोघांनी आपापल्या पगाराचे आकडे एका कागदावर लिहिले, बेरीज केली, आणि फ्रिज आला. सचिवांनी ठरावात त्याचा कंपनीने दिलेला अकरा आकडी क्रमांकसुद्धा लिहून ठेवला.

मग हळूहळू पगार वाढले. ठराव बत्तीस: पाचशेच्या आतल्या खर्चाला सभेची गरज नाही. ठराव एक्केचाळीस: ही मर्यादा पाच हजार करावी. ठराव त्रेपन्न: वीस हजार. वीस हजारांचं काही रोज रोज घेतलं जात नाही, त्यामुळे सभा वर्षातून एखादी होऊ लागली. आणि मग शेवटचा, ठराव सत्तावन्न: 'यापुढे ज्याचा पगार त्याचा निर्णय. त्यामुळे वेळ वाचेल.' एकमताने मंजूर. वेळ वाचलाही. त्या वाचलेल्या वेळाचं पुढे काय झालं, याची मात्र वहीत नोंद नाही. मॅडमची बदली ही घरातली सगळ्यात मोठी गोष्ट, पण तिला क्रमांकच मिळाला नाही.

तर, फ्रिज. मंगळवारी संध्याकाळी फोनवर सचिव म्हणाले, "फ्रिज गेला."

"मग?" मॅडम म्हणाल्या.

"बघतो."

"बरं."

बुधवारी सकाळी दुरुस्तीवाला आला, फ्रिजच्या मागे वाकला, आणि 'वय झालं' एवढंच बोलून दोनशे घेऊन गेला. समोरच्या घरातले विमावाले ते बघायला दारात येऊन उभे होतेच. विमावाले म्हणजे जन्मभर विमा विकलेले गृहस्थ. त्यांच्याकडे प्रत्येक संकटावर सल्ला असे आणि प्रत्येक सल्ल्यात एक मेलेला माणूस असे.

"लहान घ्या सचिव," ते म्हणाले. "माझा एक ग्राहक होता. एकटा राहायचा. हौसेने मोठा फ्रिज घेतला. गेला तेव्हा फ्रिजमध्ये काय निघालं? एक लिंबू. बघवलं नाही हो."

लिंबाचं ते चित्र डोळ्यांसमोर घेऊनच सचिव दुकानात गेले. तिथल्या सेल्समनने पहिलाच प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?"

सोपा प्रश्न. शिरगणतीचे तक्ते सचिवांनी ढिगाने भरले होते. तरी त्यांना थांबावं लागलं. त्यांनी मनातल्या मनात कॅलेंडर काढून तो अर्धा गोल पाहिला आणि म्हणाले, "सध्या एक."

सेल्समन त्यांना दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे कमरेइतक्या उंचीचा एक फ्रिज होता. एका दाराचा, आत दोन कप्पे, दारात चार अंड्यांची सोय. "एकट्या माणसाला एक नंबर," सेल्समन म्हणाला. सचिवांना ते वाक्य लागलं, पण किंमत बरी होती आणि जुना फ्रिज दिला तर आणखी कमी होणार होती. त्यांनी सही केली. मॅडमना सांगावं असं वाटलं, फोन हातातही घेतला. पण प्रयोगशाळेत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, आणि शिवाय ठराव सत्तावन्न होताच. कशाला उगाच, असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता लहान फ्रिज आला. हमालांनी तो ठेवला आणि जुना बाहेर काढला. जुन्याच्या दारावर मॅडमच्या अक्षरातली एक यादी चिकटवलेली होती: दूध, अंडी, लिंबू, साबण, दिव्याचं बटण. किती वर्षांपूर्वीची कोण जाणे. सचिवांनी ती नखाने सोडवून घेतली आणि नव्या फ्रिजवर लावली. अर्धं दार तिनेच भरलं. जुना फ्रिज जिना उतरताना दर पायरीला आतून खडखडला, आणि सचिव खिडकीत उभे राहून टेम्पो वळेपर्यंत बघत राहिले. एका फ्रिजसाठी डोळ्यांत पाणी येणं त्यांना बरोबर वाटेना, म्हणून त्यांनी तोंड धुऊन घेतलं.

साडेबारा वाजता परत बेल वाजली. दारात दुसरे दोन हमाल, आणि त्यांच्यामध्ये एक खोकं. खोक्याची उंची सचिवांहून वीतभर जास्त.

"फ्रिज आलाय," थोरला हमाल म्हणाला.

"फ्रिज आला," सचिव म्हणाले. "दहा वाजताच आला."

"तो तुमचा असेल. हा मॅडमचा आहे." त्याने पावती पुढे केली. मॅडमचं नाव, मॅडमचा फोन नंबर, दोन दारांचा फ्रिज, पैसे भरलेले. तारीख मंगळवारची. खाली लिहिलं होतं: मोबदल्यात जुना फ्रिज घेणे. आणि त्यापुढे जुन्याचा अकरा आकडी क्रमांक, बिनचूक.

"जुना काढा बाहेर," हमाल म्हणाला.

"जुना गेला."

"कुठं गेला?"

"दुसऱ्या दुकानात. याच कामासाठी."

हमालाने आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. एकच फ्रिज दोन दुकानांना दिलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला असावा. "मग हा देता येत नाही," तो म्हणाला.

"नकोच आहे मला. घेऊन जा."

"नेता पण येत नाही. नेण्यासाठी ऑर्डर रद्द करायची. रद्द करण्यासाठी ओटीपी लागतो. ओटीपी मॅडमच्या फोनवर."

मॅडमचा फोन लॉकरमध्ये. लॉकर पाच वाजता उघडणार. हमालांना आणखी चार घरं करायची होती. त्यांनी खोकं पॅसेजमध्ये ठेवलं, कागदावर 'अर्धवट पोहोचला' असं लिहिलं आणि गेले. सचिवांनी आयुष्यभरात हजारो शेरे मारले होते, पण असा शेरा स्वतःच्या नावावर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"जुना परत आणा," विमावाले म्हणाले. ते अर्थातच दारात होते. "साधं आहे. लहान परत द्या, जुना घ्या, जुना देऊन हा मोठा घ्या."

ऐकायला साधंच होतं. सचिव उन्हातून दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, अर्ज करा. अर्ज म्हटल्यावर सचिवांना जरा हुरूप आला. त्यांनी तिथेच उभ्याने, समास सोडून, विषय-संदर्भासह असा अर्ज लिहिला की तो वाचून दुकानदार क्षणभर सावरून बसला. मग त्याने अर्ज टाचणी लावून बाजूला ठेवला आणि त्यांना गोदामात पाठवलं. गोदामात जुना फ्रिज होता. एका कोपऱ्यात, दोरीने बांधलेला. सचिवांनी त्याच्यावर हातही ठेवला. पण गोदामवाल्याचं म्हणणं असं की लहान फ्रिज परत घ्यायचा तर मूळ खोक्यासकट. खोकं कुठं होतं? सकाळीच विमावाले घेऊन गेले होते, चपला ठेवायला, आणि त्यांनी त्याला कात्रीने दोन खिडक्याही पाडल्या होत्या.

साडेचार वाजता घामाघूम सचिव परत आले तर पॅसेजमध्ये इमारतीचे नवे सचिव उभे. नवे सचिव व्यवसायाने दातांचे डॉक्टर, तरुण, अतिशय नम्र. त्यांच्या हातात एक झेरॉक्स होती.

"काका, राग मानू नका," डॉक्टर म्हणाले. "नियम अकरा. पॅसेजमध्ये चार तासांपेक्षा जास्त वेळ सामान ठेवल्यास दर तासाला दंड."

"मला माहीत आहे नियम अकरा."

"हो, अक्षर तुमचंच आहे."

अक्षर त्यांचंच होतं. वळणदार, ठसठशीत. आणि खाली 'कारण काहीही असो' हे तीन शब्दही त्यांचेच. विमावाल्यांनी आपल्या सायकलबद्दल सतराशे साठ कारणं दिली होती, त्या सभेत सचिवांनी ते अडून बसून घालायला लावले होते. विमावाले आता आपल्या दारात उभं राहून तो कागद दुरूनच वाचत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की सचिवांनी मान वळवली.

दंड भरायला हरकत नव्हती. पण आपल्याच नियमाने आपल्याच दारात दंड लावून घ्यायचा हे सचिवांना झेपेना. "आत घेतो," ते म्हणाले. डॉक्टर, विमावाले आणि सचिव अशा तिघांनी खोकं ढकललं. ते दारात अडकलं. खोकं फाडून नुसता फ्रिज ढकलला. तोही बोटभर अडला. विमावाले म्हणाले, दार काढा, माझा एक ग्राहक होता, त्याचं कपाटही असंच. त्या ग्राहकाचं पुढे काय झालं ते सचिवांनी ऐकून घेतलं नाही. स्क्रूड्रायव्हर आला, दार निघालं, फ्रिज आत गेला, आणि दार परत लावताना खालची गंजकी बिजागरी डॉक्टरांच्या हातात आली. दात काढण्याचा सराव असल्यामुळे असेल, पण ती मुळासकट आली. सुताराला फोन केला तर तो म्हणाला, उद्या संध्याकाळी.

अशा रीतीने शुक्रवारी संध्याकाळी सचिव आपल्या घरात बसले होते. घराला दार नव्हतं आणि फ्रिज दोन होते. मोठा बैठकीच्या खोलीत मधोमध, कारण स्वयंपाकघराच्या दारातून तो जाण्याचा प्रश्नच नव्हता. जिन्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावे. कोणी विचारी, काय सचिव, दोन का? कोणी म्हणे, पाणी हवंय का प्यायला? वरच्या मजल्यावरच्या आजी तर खुर्ची ओढून बसल्याच आणि अर्धा तास गुडघ्यांविषयी बोलल्या. त्या उठल्या तेव्हा सचिवांच्या लक्षात आलं की तीन वर्षांत या खोलीत इतकं कोणी बोललंच नव्हतं. बोलायला कोणी नसतं हे त्यांनी स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं. त्यासाठी दार मोडावं लागलं.

सहा वाजता मॅडमचा फोन आला.

"फ्रिज पोहोचला?"

"अर्धवट," सचिव म्हणाले. "तू मला सांगितलं नाहीस."

"ठराव सत्तावन्न."

"हं."

"आवडला का?"

"मोठा आहे." सचिवांनी सांगून टाकलं. "मीही एक घेतला. बुधवारी."

"तुम्ही घेतलात? कोणता?"

"लहान."

"किती लहान?"

"कमरेइतका. दुकानदाराने विचारलं, घरात माणसं किती. मी म्हटलं, सध्या एक."

बोलून गेल्यावर ते वाक्य सचिवांना स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. परत घ्यावंसं वाटलं. आता विचारायचा प्रश्न एकच होता, तोही सोपा: मग तू एवढा मोठा का घेतलास? सचिवांनी तो जिभेवर आणला. आणि सवयीने म्हणाले, "असो. तुला योग्य वाटला असेल."

"हो," मॅडम म्हणाल्या. "मला वाटला होता. उद्या येते मी, माझा शनिवार आहे." आणि फोन ठेवला.

'वाटला होता' हे सचिवांनी दोनदा मनात म्हणून पाहिलं. आपण काहीतरी मोडलंय आणि ते सुताराला सांगून दुरुस्त होण्यातलं नाही, एवढं त्यांना कळलं.

शनिवारी दुपारी मॅडम आल्या तेव्हा बेल वाजवायचा प्रश्न नव्हता. भिंतीला टेकवून ठेवलेल्या दाराकडे एकदा बघून त्या सरळ आत आल्या, पिशवी खाली ठेवली, आणि मोठ्या फ्रिजला वळसा घालून स्वयंपाकघरात गेल्या. लहान फ्रिजसमोर त्या उभ्या राहिल्या. त्याच्यावरची यादी वाचली. मग वाकून दार उघडलं. आत दुधाची एक पिशवी आणि एक लिंबू होतं.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीवर चालला असता असा."

"तुझ्याकडे आहे ना तिथे?"

"नाही."

"फ्रिज नाही? तीन वर्षं?"

"नाही घेतला." मॅडमनी दार लावलं. "रोज सकाळी अर्धा लिटर दूध आणते, दोन वेळा चहा होतो, उरलेलं खालच्या मांजराला. तिथे राहायला थोडीच गेले होते मी. आज ना उद्या परत यायचं, मग कशाला घ्यायचा फ्रिज?"

सचिवांच्या डोक्यात इतके दिवस मॅडमची जी खोली होती तिच्यात फ्रिज होता, टीव्ही होता, संध्याकाळी हसत-बोलत येणाऱ्या सहकारी बायका होत्या. ती तिथे रुळली असेल, इकडे यायला तिचं मन घेत नसेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्या खोलीत काय आहे हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

मॅडमचं लक्ष कॅलेंडराकडे गेलं. "हे अर्धं काय आहे?"

"तुझी निवृत्ती."

"आणि उरलेली अर्धी?"

"पुसली. तू मुदतवाढ घेशील असं वाटलं म्हणून."

"सोमवारी पत्र द्यायचंय," मॅडम म्हणाल्या. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"मी म्हटलं ना, तुला योग्य..."

"पुरे," मॅडम म्हणाल्या, आवाज न चढवता. "गेली किती वर्षं हेच ऐकतेय. बदलीच्या वेळीही हेच म्हणालात. मला वाटलं, मी गेले काय नि राहिले काय, यांना सारखंच. वही कुठंय?"

वही कपाटात वरच्या खणात होती. सचिवांनी ती काढून फडक्याने पुसली. मॅडमनी खुर्ची ओढली. स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी, त्याच बाजूला त्या बसल्या. चहा होईपर्यंत सचिवांनी दोन फ्रिज, दार आणि खोक्याची सगळी हकीकत सांगितली. सचिवांनी पेनची निब कागदावर ओढून पाहिली.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या पावतीवर जुन्याचा क्रमांक तू कसा दिलास? वही तर इथे होती."

मॅडमनी फोन काढून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर वहीचं पान होतं, ठराव एकोणीस. त्यांनी बोटाने सरकवलं. वीस, एकवीस, बावीस. 'विषय नसल्याने चहा घेऊन सभा संपली.' सगळी पानं होती. "जाताना फोटो काढून नेले होते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी वाचते कधी कधी. करमत नाही तिथे."

"मलाही इथे करमत नाही," सचिव म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते हे मोठ्याने बोलले, आणि बोलून लगेच त्यांनी वहीत तारीख घातली. "गणपूर्ती आहे. सभा सुरू करू या?"

"करा. सूचना मी मांडते."

सचिवांनी लिहिलं: ठराव क्रमांक अठ्ठावन्न.

"सौभाग्यवती अमुक यांनी," मॅडम सांगू लागल्या, अगदी सरळ चेहऱ्याने, "तीन वर्षांची मुदतवाढ स्वीकारावी. सूचक मी."

सचिवांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. मॅडम चहाच्या कपाकडे बघत होत्या, कप दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. सचिवांनी सूचना अक्षरशः उतरवून घेतली, सूचकाचं नाव घातलं, आणि पुढच्या ओळीवर लिहिलं, अनुमोदक. पुढे दोन टिंबं दिली.

एकतीस वर्षांत त्या दोन टिंबांपुढची जागा कधी रिकामी राहिली नव्हती. भांडण झालं, माहेरी जाणं झालं, सभा तहकूब झाली, पण मांडलेल्या ठरावाला शेवटी दुसऱ्याने अनुमोदन दिलंच होतं. सत्तावन्न वेळा. सचिवांनी पेनला टोपण लावलं आणि पेन वहीवर आडवं ठेवलं.

"नाही," ते म्हणाले.

"काय नाही?"

"माझं अनुमोदन नाही."

मॅडमनी कप खाली ठेवला. "मग अशा वेळी काय लिहायचं असतं?"

"अनुमोदकाअभावी ठराव बारगळला."

"लिहा मग."

सचिव लिहीत असताना बाहेरच्या खोलीतून खाकरल्याचा आवाज आला. विमावाले, दार नसल्यामुळे, मोठ्या फ्रिजपर्यंत आलेले होते. "काय झालं सचिव?" त्यांनी विचारलं.

"बारगळला."

"अरेरे," विमावाले मनापासून म्हणाले. "माझा एक ग्राहक होता..."

"ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "आमची सभा चालू आहे. लहान फ्रिजच्या खोक्याला तुम्ही खिडक्या पाडल्यात म्हणे, तर तेवढं चिकटपट्टीने बुजवून आणून द्या. पुढच्या ठरावात लहान फ्रिज दोन महिन्यांसाठी माझ्याबरोबर जाणार आहे." विमावाले गेले. मॅडम सचिवांकडे वळल्या. "अनुमोदन न देण्याचं कारण नोंदवावं लागतं का?"

"नियमाप्रमाणे नाही लागत," सचिव म्हणाले. "पण नोंदवतो."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि ठराव अठ्ठावन्नखाली, जरा जास्तच ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'कारण: घरात माणसं दोन आहेत.' मग वही फिरवून मॅडमच्या पुढे सरकवली आणि सहीची जागा बोटाने दाखवली.